वासरांची हगवण थांबेना : एका गोठ्यातलं पोटातल्या जिवाणूंचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातला गोठा आहे, गावाचं आणि घराचं नाव मुद्दाम देत नाही. वीस-बावीस दुभत्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस, म्हणजे संकरित गाई, दोन म्हशी, मुक्त संचार गोठा. धारा, चारा, डेअरीचा हिशोब दादांकडे आणि वासरं पूर्णपणे वहिनींकडे, म्हणजे पाजणं, खाली कोरडं ठेवणं, आजारी पडलं तर रात्री उठून बघणं सगळं त्याच करतात. दादांच्या आई, म्हणजे घरातल्या आजी, अजून गोठ्यात येतात आणि गाय व्यायला लागली की शेवटचा शब्द त्यांचाच.

सेक्स्ड सिमेन (बहुतेक कालवडीच जन्माव्या म्हणून निवडलेलं वीर्य) वापरायला लागल्यापासून कालवडी जास्त जन्मायला लागल्या होत्या आणि बाहेरून गाय विकत आणायची नाही, घरच्याच तयार करायच्या असं त्यांनी ठरवलेलं. निर्णय चांगला होता, पण त्यामुळे एक गोष्ट उघडी पडली, की या गोठ्यात गाई नीट सांभाळल्या जात होत्या आणि वासरं फक्त जगवली जात होती. हे फक्त यांच्याकडचं नाही बरं का, आपल्याकडे बहुतेक गोठ्यात असंच चालतं, कारण वासरू दोन-अडीच वर्ष एक रुपया देत नाही आणि दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं.

नेमका प्रॉब्लेम काय होता

पावसाळ्यात सलग सात-आठ गाई व्यायल्या. वासरं जन्मताना ठणठणीत, पहिला आठवडा बरा जायचा, मग आठव्या-दहाव्या दिवसापासून हगवण, पिवळी-पांढरी, पाण्यासारखी. लगेच इंजेक्शन, सोबत हगवणीच्या गोळ्या, दोन-तीन दिवसात संडास घट्ट व्हायची आणि आठवडाभराने परत तेच. काही वासरांना महिन्याभरात अँटिबायोटिकचे तीन-तीन कोर्स झाले होते. दोन वासरं गेली. जी वाचली त्यांची अवस्था बघवत नव्हती, पोट घागरीसारखं, पाठ खाली गेलेली, अंगावर राठ केस, तीन महिन्यांचं वासरू दीड महिन्याचं वाटावं असं.

दादांचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, यापेक्षा भारी अँटिबायोटिक कुठलं आहे?"

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटलं. त्या म्हणल्या की औषधाने हगवण थांबते पण त्यानंतर वासरू खातच नाही, नुसतं उभं राहतं. रोज जो माणूस वासरापाशी असतो त्याच्या लक्षात जे येतं ते लॅबच्या रिपोर्टवर येत नाही.

पोटात काय चालू असतं

इथे जरा थांबून सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत.

वासरू जन्मतं तेव्हा ते रवंथ करणारं जनावर नसतंच. चार पोटं असतात पण चालू असतं चौथं, आणि तेच तेव्हा सगळ्यात मोठं असतं. कोटीपोट म्हणजे रुमेन लहानसं, आतून गुळगुळीत. मोठ्या गाईत मात्र एकटं रुमेन एकूण पोटाच्या साधारण ८० टक्के होतं. वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या खाली एक खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध रुमेनला बाजूला ठेवून थेट चौथ्या पोटात जातं. पाणी आणि खुराक मात्र रुमेनमध्ये जातं. हा फरक डोक्यात ठेवा.

आता जिवाणू. आतडं जन्मताना जवळजवळ रिकामं असतं. गाईच्या जननमार्गातून, चाटण्यातून, सडाच्या कातडीवरून, शेणातून, दुधातून तासाभरात जिवाणू आत शिरायला लागतात. नांगरून मोकळं सोडलेलं रान असतं तसं ते आहे, पहिल्यांदा जे लवकर उगवतं तेच सगळीकडे पसरतं. आतड्यात पहिले येतात ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस असे, ज्यांना ऑक्सिजन असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो. ते आतला ऑक्सिजन संपवतात आणि मग ज्यांना ऑक्सिजन अजिबात चालत नाही त्यांची जागा तयार होते, बिफिडोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स, पुढे फीकॅलिबॅक्टेरियम वगैरे. लॅक्टोबॅसिलसही याच काळात वाढतात. यातल्या फीकॅलिबॅक्टेरियमचं प्रमाण ज्या वासरांत पहिल्या आठवड्यापासून चांगलं असतं त्यांच्यात हगवण कमी आणि वाढ जास्त असं अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे क्रम असतो, एकाने जागा केल्यावर दुसरा बसतो, आणि हा क्रम मधेच मोडला की सगळं परत पहिल्यापासून.

रुमेनमध्येही पहिल्या काही दिवसांतच चारा फोडणारे जिवाणू सापडतात, पण थोडे, कारण त्यांना खायलाच काही नसतं. वासराने भरडा खाल्ला की ते आंबवायला सुरुवात करतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात, विशेषतः ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक, त्यांच्यामुळे रुमेनच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे उंचवटे वाढतात. त्या उंचवट्यांतूनच पुढे आयुष्यभर गाय ताकद शोषून घेते. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराचं रुमेन दीड महिन्यानेही आतून गुळगुळीतच असतं. नुसता चारा दिला तर आकार वाढतो, उंचवटे फारसे येत नाहीत.

गोठ्यात काय सापडलं

औषधांची यादी बाजूला ठेवून जन्मापासून वासराला काय काय मिळतं हे वहिनींकडून क्रमाने ऐकलं. तिथेच बरंचसं उत्तर होतं.

चीक पाजायला उशीर. आजींचा नियम, वार (व्यायल्यावर गाईच्या पोटातून पडणारा झार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, आणि जास्त चीक दिला तर वासरू हगतं. वार पडायला सहा तास लागले तर वासरू सहा तास उपाशी. मग लिटरभर चीक, बाकीचा खरवसाला, भावकीत, शेजारी. खरवस वाटणं ही आपल्याकडची माया आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत, पण गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं वासराला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात आणि आतडं ती आख्खी शोषून घेतं ते साधारण पहिले २४ तास, तेही तासागणिक कमी होत जातं. चीक उशिरा दिला की आतड्याच्या भिंतीवर चांगल्या जिवाणूंचं बसणंही मागे पडतं, कारण चिकातल्या खास साखरा बिफिडोसारख्या जिवाणूंचं अन्न असतं.

दगडीचं दूध. ज्या गाईला दगडी (कासेचा आजार) झाली आणि सडात औषधाची ट्यूब सोडली तिचं दूध डेअरीला चालत नाही, म्हणून ते वासरांना. चांगलं दूध तेव्हा तीस-पस्तीस रुपये लिटरने जायचं आणि हे फुकट, हिशोब सरळ होता. पण त्या दुधात अँटिबायोटिकचा अंश असतो, म्हणजे वासराला रोज थोडं थोडं औषध चालू होतं, आजारी नसतानासुद्धा. जे जिवाणू औषधाला दाद देत नाहीत तेच उरतात आणि शेणातून गोठाभर पसरतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१७ साली यावर सविस्तर मत दिलं होतं, की असं दूध पाजलेल्या वासरांच्या शेणात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात.

पाणी नाही. "दूध पितंय की, पाणी कशाला" असं. वर सांगितलं तसं दूध रुमेनमध्ये जात नाही, मग तिथल्या जिवाणूंना पाणी कुठून मिळणार? १९८४ च्या एका अमेरिकन प्रयोगात पाणी न दिलेल्या वासरांनी खुराक ३१ टक्के कमी खाल्ला आणि वजनवाढ ३८ टक्के कमी झाली. पाणी फुकट आहे हो, म्हणून याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

खुराक म्हणजे सरकी पेंड आणि कडब्याची कुट्टी. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, मोठ्या गाईच्या रुमेनमधले जिवाणू ते बऱ्यापैकी निष्प्रभ करतात, वासराकडे ते जिवाणूच अजून नाहीत, त्यामुळे त्याला ते बाधतं. आणि कडबा भरपूर खाऊन पोट मोठं दिसतं पण आत आंबवण्याची क्षमता नसते, ते घागरीसारखं पोट त्याचंच.

दूध घमेल्यात, थंड, दिवसाला दोन लिटर, आणि पंचेचाळीसाव्या दिवशी एकदम बंद. मान खाली घालून घाईघाईने थंड दूध प्यायलं की ती खाच नीट मिटत नाही, दूध रुमेनमध्ये सांडतं आणि तिथे नासतं.

पाच गोष्टी, आणि प्रत्येकीला घरातलं काहीतरी कारण होतं. त्यांना दोष देऊन काही मिळणार नव्हतं.

नवं औषध सुरू करायच्या आधी ताजी हगवण झालेल्या, अजून इंजेक्शन न झालेल्या वासरांचे शेणाचे नमुने पाठवले. काहींत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला. हा एकपेशीय जीव आहे, नेहमीच्या अँटिबायोटिकने मरत नाही, बहुतेक जंतुनाशकांनीही नाही, आणि माणसालाही होतो, म्हणून घरातल्या लहान मुलांनी वासरांत खेळून हात न धुता खाऊ नये हे त्याच दिवशी सांगितलं.

कुठले पर्याय होते

पहिला दादांचा, प्रत्येक वासराला जन्मल्यावर प्रतिबंधक म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स. याला मी स्पष्ट नाही म्हणलं. क्रिप्टो आणि रोटाव्हायरसवर (हगवण लावणारा एक विषाणू) त्याचा उपयोग शून्य आणि नुकते बसायला लागलेले जिवाणू साफ.

दुसरा, प्रोबायोटिकचं पाकीट. दुकानदाराने सांगितलेलं होतं, यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलसवालं. हे वाईट नाही, काही प्रयोगांत फायदा दिसतो काहींत दिसत नाही, पण एकीकडे दगडीच्या दुधातून रोज औषध द्यायचं आणि दुसरीकडे पाकिटातून जिवाणू सोडायचे यात पैसा वाया जातो. आधी घर नीट करू मग पाकीट, असं ठरलं. तरी दादांनी एक डबा आणलाच. मग तो फक्त अँटिबायोटिक द्यावंच लागलेल्या वासरांना कोर्सनंतर काही दिवस द्यायचा असं केलं.

तिसरा, मिल्क रिप्लेसर, म्हणजे दुधाऐवजी पाजायची पावडर. स्वस्तातल्या पावडरीत बऱ्याचदा सोयाचं प्रथिन असतं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यात वासराला ते नीट पचत नाही, आणि चांगली पावडर दुधाच्याच भावात पडते. सोडून दिला.

चौथा, दगडीचं दूध उकळून देणं. वहिनींनी विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर होता. उकळल्याने जंतू मरतात, पण अँटिबायोटिकचा अंश बऱ्यापैकी तसाच राहतो, आणि आपला मूळ त्रास तोच होता. गोबर गॅसमध्ये ओतायचंही सुचलं, पण तिथेही जिवाणूच काम करतात, म्हणून खड्डा.

पाचवा पर्याय माझ्या आवडीचा विषय आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. दादांनी व्हिडिओ बघितला होता की चांगल्या गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून वासराला देतात. जनावराकडून जनावराकडे रुमेनमधले जीव जातात हे खरंच आहे, प्रोटोझोआ (रुमेनमधले एकपेशीय जीव) तर मोठ्या जनावराच्या लाळेच्या संपर्काशिवाय वासरात येतच नाहीत. सुबाभळीची गोष्ट तर भन्नाट आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन जनावरांना विषबाधा व्हायची, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना काही होत नव्हतं. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखलं की फरक शेळीत नसून तिच्या रुमेनमधल्या जिवाणूंत आहे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि त्रास थांबला, त्या जिवाणूला पुढे त्यांच्यावरूनच सिनर्जिस्टिस जोन्सी नाव मिळालं. हे सगळं खरं, पण आपल्या गोठ्यात मोठ्या गाई शेजारीच होत्या, जिवाणूंची टंचाई नव्हती, त्यांना टिकू दिलं जात नव्हतं. शिवाय मोठ्या जनावराच्या पोटातलं वासराला देताना जोनीजसारखा (आतड्याचा जुनाट रोग) आजारही जाऊ शकतो, तो वासरपणी शिरतो आणि काही वर्षांनी दिसतो. म्हणून हा पर्याय बाद.

काय केलं

चिकापासून सुरुवात. आजींशी वाद घातला नाही. वहिनींनीच त्यांना सांगितलं की पहिल्या दोन धारांचा चीक वासराचा, तिसऱ्या धारेपासून खरवस. आजी लगेच तयार झाल्या नाहीत, पण पुढची गाय व्यायली तेव्हा वार पडायच्या आधी वासराला पाजलं आणि गाईलाही काही झालं नाही, उलट वासरू ढुसण्या देत असताना वार लवकर पडली. तिथून विषय सोपा झाला. तीसएक किलोच्या वासराला दोन तासांच्या आत तीन लिटर, निप्पलच्या बाटलीने, आणि आठ-दहा तासांनी परत दोन लिटर. पुढचे तीन दिवस दुधासोबत थोडा थोडा चीक चालू, कारण शोषणाचं दार बंद झालं तरी आतड्यात आतून त्याचा उपयोग होतोच.

चिकाची प्रत तपासायला नवीन काही आणावं लागलं नाही. भावकीत द्राक्षबाग, घडातली साखर बघायचा ब्रिक्स मीटर घरात होताच. चिकाचा एक थेंब टाकायचा, २२ ब्रिक्स किंवा वर असेल तर चांगला. पहिलटकरणींचा काही वेळा कमी यायचा, मग जुन्या गाईचा जास्तीचा चीक बाटल्यांत भरून फ्रीजरला ठेवायला लागले, द्यायच्या आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करायचा, थेट गॅसवर नाही. सगळ्या बदलांत दादांना हाच सगळ्यात आवडला, आकडा दिसतो ना.

दुधासाठी दगडीचं पूर्ण बंद, दिवसाला चार लिटर चांगलं दूध, अंगाच्या उबेइतकं गरम, बाटली वासराच्या तोंडाच्या उंचीवर. यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. माझं म्हणणं एवढंच होतं की हा खर्च दोन-अडीच महिन्यांचा आहे आणि वर्षभरात औषधांवर, मेलेल्या कालवडींवर किती गेले ते मांडून बघा. त्यांनी वहीत मांडलं आणि मग तयार झाले. त्याचबरोबर धारेनंतर सड आयोडीनमध्ये बुडवायला सुरुवात केली, दगडीच कमी झाली तर टाकून द्यायचं दूधही कमी होणार.

चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाण्याची बादली आणि मूठभर काफ स्टार्टर म्हणजे वासरांचा खुराक, त्यात मका भरडा, सोया पेंड, गव्हाचा कोंडा, मिनरल मिक्श्चर. सरकी बंद. दूध प्यायल्या प्यायल्या तोंडात चिमूटभर भरडा चोळायचा. उरलेला रोज काढून गाईला टाकायचा आणि ताजा ठेवायचा, कारण वास लागलेला भरडा वासरू खात नाही. कुट्टीऐवजी थोडं मऊ वाळलं गवत.

हगवण लागली तर काय, हे कागदावर लिहून भिंतीला लावलं. वासरू उभं आहे, चोखतंय, ताप नाही, रक्त नाही, तर अँटिबायोटिक नाही. दूध बंद करायचं नाही, दोन दुधांच्या मधे इलेक्ट्रोलाइटचं (क्षारांचं) पाणी, दुधात कालवायचं नाही. ताप आला, रक्त दिसलं, चोखणं बंद झालं, डोळे खोल गेले तर लगेच फोन, तिथे वाट बघायची नाही, अशा वासराला औषध लागतं आणि ते दिलंच पाहिजे.

आणि दूध तोडायचं ते दिवस मोजून नाही. सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खाल्ला की मग दहाएक दिवसांत हळूहळू कमी.

काय झालं

लगेच चमत्कार झाला नाही. पहिल्या तीन वासरांपैकी दोघांना हगवण लागलीच, जमिनीत क्रिप्टो होताच. एक कालवड गेली, रात्री एकटी व्यायलेल्या गाईची होती, सकाळी सापडली तेव्हा ओल्यात पडलेली, चीक कितीतरी तासांनी मिळाला. वहिनींना ते फार लागलं.

पण त्यानंतरच्या वासरांत फरक दिसायला लागला. हगवण लागली तरी पातळ, दोन-तीन दिवसात इलेक्ट्रोलाइटवर थांबणारी, परत न फिरणारी. वासरू चोखायचं सोडत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात स्टार्टर ओरपायला लागली, महिन्याभरात बसून रवंथ. छातीच्या घेराची टेप दर पंधरवड्याला लावायला सांगितली होती, तीन महिन्यांच्या कालवडी आधीच्या लॉटपेक्षा उघड मोठ्या, केस चमकदार. इंजेक्शनचा खर्च अगदी थोडा राहिला. दूध तोडणं पंचाहत्तर-ऐंशी दिवसांवर गेलं आणि तोडल्यानंतर जी घसरण व्हायची ती झाली नाही.

आधीच्या लॉटमधल्या कालवडी मात्र मागेच आहेत. खुराक सुधारल्यावर थोड्या भरल्या, पण पहिल्या दोन महिन्यांत जे रुमेन व्हायचं होतं ते पूर्ण भरून निघालेलं दिसत नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळे बदल एकदम केले. वासरं मरत असताना एकेक करून बघायला वेळ नव्हता हे मान्य, पण त्यामुळे चिकाने किती फरक पडला आणि दगडीचं दूध बंद केल्याने किती, हे या गोठ्यापुरतं कुणी सांगू शकत नाही. माझा कल चीक आणि पाणी याकडे आहे, तो अंदाजच.

रक्ताची तपासणी सुरुवातीलाच हवी होती. दोन ते सात दिवसांच्या वासराच्या रक्ताच्या सीरमवर तोच ब्रिक्स मीटर चालतो, साधारण ८.४ च्या वर असेल तर चीक पोचला असं धरतात. ते केलं असतं तर आजींना आणि दादांना पहिल्याच दिवशी आकड्यात दाखवता आलं असतं, एका व्येताची वाट बघावी लागली नसती.

व्यायची जागा वेगळी आणि कोरडी हवी होती, आणि ती पावसाळ्याआधी. क्रिप्टोला औषधापेक्षा ऊन आणि कोरडेपणा मारतो. एक वासरू काढलं की ती जागा खरवडून, वाळवून मगच दुसरं, हे आता करतात पण जागा तीच आहे आणि गाई एकदम व्यायल्या की नियम मोडतो. रात्री व्यायणाऱ्या गाईसाठी कॅमेरा लावायचं चाललंय.

आणि गोऱ्ह्यांचा, म्हणजे नर वासरांचा प्रश्न. दगडीचं दूध कालवडींना बंद झालं, पण मधे काही दिवस ते गोऱ्ह्यांना दिलं जात होतं, आणि गोऱ्हे त्याच कप्प्यात. एकाच्या शेणातले जिवाणू दुसऱ्याच्या तोंडात जायला जाळी आड येत नाही, त्यामुळे हा अर्धा उपाय झाला. आता गोऱ्ह्यांना गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला हलवलंय आणि त्यांनाही चांगलंच दूध, पण कमी, असं दादांनी ठरवलंय. मला ते "कमी" पटत नाही, पहिल्या महिन्यात तरी दोघांना सारखं द्या असं सांगितलंय, आणि दूधदर पडलेले असताना ते किती दिवस जमेल यावर दादांशी बोलणं चालू आहे.